सतराव्या वर्षी एमबीबीएस: घालावं की थांबावं?

नीटचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या काही घरांत आनंदाबरोबर एक शंकाही येते. मुलीला शाळेत लवकर घातलेलं असतं, त्यामुळे ती आत्ता कुठे सतरा पूर्ण करते आहे. मार्क चांगले आहेत, सरकारी मेडिकल कॉलेज मिळेल असं दिसतंय. पण एवढ्या वयात घर सोडून हॉस्टेलवर राहणं, मृतदेहासमोर उभं राहणं, आजारी माणसांशी बोलणं तिला पेलेल का? आजी म्हणते, ‘अजून लहान आहे गं ती.’ मामा म्हणतो, ‘सीट मिळतेय तर सोडायची कशाला?’ दोघांचंही म्हणणं खरं वाटतं आणि आईवडील मधल्यामध्ये अडकतात.

नियमाकडे पाहिलं तर कोडं आणखी वाढतं. नीट देऊन एमबीबीएसला जाण्यासाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे सतराव्या वर्षी मुलगी डिसेक्शन हॉलमध्ये जाऊ शकते. मात्र तीच मुलगी मतदान करू शकत नाही, गियरच्या मोटारसायकलचा परवाना काढू शकत नाही आणि स्वतःच्या नावानं करार करू शकत नाही. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात रक्तही देऊ शकत नाही, कारण त्यालाही अठरा पूर्ण लागतात. एकाच माणसाला एका कामासाठी मोठं आणि दुसऱ्यासाठी लहान धरलं जातं. हे नियम वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कारणांनी झालेले आहेत, तरी त्यांच्यातल्या या विसंगतीत एक तथ्य आहे. माणसाच्या सगळ्या क्षमता एकाच वेळी पिकत नाहीत.

डोकं आधी, धीर नंतर

मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ विचारांचे दोन प्रकार मानतात. पहिला शांत डोक्यानं केलेला विचार. वेळ आहे, भीती नाही, कुणी पाहत नाही, अशा वेळी माहिती लक्षात ठेवणं, तर्क करणं, पर्याय तोलणं. दुसरा तापलेल्या प्रसंगातला विचार. समोर रक्त आहे, नातेवाईक ओरडताहेत, वरिष्ठ रागावलेत किंवा मित्रांचा आग्रह आहे, अशा वेळी स्वतःला सावरून योग्य ते करणं.

शांत डोक्याचा विचार साधारण सोळाव्या वर्षाच्या सुमारास प्रौढ माणसाच्या बरोबरीला येतो. तापलेल्या प्रसंगातलं भान मात्र त्यानंतरही बरीच वर्षं पक्कं होत राहतं. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा देशांतल्या, १० ते ३० वर्षं वयाच्या पाच हजारांहून अधिक जणांच्या चाचण्या घेतल्या. त्या देशांत भारतही होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत हीच दरी दिसली. बुद्धीची क्षमता सोळाच्या आसपास स्थिरावते, भावनिक परिपक्वता मात्र अठराच्या पुढेही वाढत जाते.

कारण मेंदूच्या घडणीत आहे. कपाळामागचा भाग आवेग आवरतो, परिणामांचा विचार करतो, दूरचं पाहतो. हा भाग सगळ्यात शेवटी पूर्ण होतो, साधारण विशीच्या मध्यावर. त्याआधी दोन कामं चालू असतात. न वापरल्या जाणाऱ्या जोडण्या कमी केल्या जातात, आणि वापरातल्या मज्जातंतूंवर मायेलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं आवरण चढतं, त्यामुळे संदेश वेगानं जातात. भीती, आनंद, बक्षिसाची ओढ यांच्याशी निगडित असलेले खोलातले भाग मात्र किशोरवयातच पूर्ण जोमात आलेले असतात.

घराचा स्लॅब पडताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. काँक्रीट दुसऱ्या दिवशी कडक दिसतं, त्यावरून चालताही येतं. पण खालचं सेंटरिंग कुणी लगेच काढत नाही. आठवडाभरात साधारण दोन तृतीयांश ताकद येते, ठरलेली ताकद यायला २८ दिवस धरतात, आणि सुरुवातीचे काही दिवस त्यावर पाणी मारत राहावं लागतं. सतरा वर्षांचं हुशार मूल वरून पक्कं दिसतं आणि बऱ्याच कामांना ते पक्कं असतंही. वर किती वजन येणार आहे आणि खालचे टेकू जागेवर आहेत का, हे मात्र वेगळं पाहावं लागतं.

नीट काय मोजते

नीटला १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीला एक कापला जातो. ही शुद्ध शांत डोक्याची परीक्षा आहे. स्मरण, सराव, वेग आणि नेमकेपणा यांत सतरा वर्षांचा विद्यार्थी कुठल्याही प्रौढाच्या तोडीचा असतो, कदाचित सरसच. म्हणूनच लातूरसारख्या ठिकाणी सोळा-सतरा वर्षांची मुलं दोन वर्षं नेटानं अभ्यास करून देशभरातल्या मुलांच्या पुढे जातात.

चांगले मार्क पडणं म्हणजे एमबीबीएसचा अभ्यास झेपेल याची बऱ्यापैकी खात्री. तेवढंच ते सांगतात. मध्यरात्री वॉर्डात एकटीनं उभं राहणं जमेल की नाही याबद्दल त्या गुणपत्रिकेत एक अक्षरही नसतं, आणि अनेक घरांत निर्णय मात्र याच एका आकड्यावर होतो. परीक्षेनं जे मोजलंच नाही ते मोजलं गेलं असं आपण धरून चालतो, तिथं पालकांची फसगत होते.

साडेपाच वर्षांत ओझं कसं चढतं

एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिलं वर्ष शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांचं. डिसेक्शन हॉलमधला फॉर्मालिनचा वास पहिले काही दिवस हातांना, ॲप्रनला, डब्यालाही लागून राहतो असं वाटतं. देहदान करणाऱ्यांविषयी आदर बाळगण्याची शपथ घेऊन विद्यार्थी मृतदेहाला हात लावतात. पालकांना सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते. पण बहुतेक मुलं याला दोन-तीन आठवड्यांत सरावतात, कारण तिथं सगळे एकत्र असतात, शिक्षक शेजारी असतात आणि कुणाचा जीव पणाला लागलेला नसतो.

पहिल्या वर्षाचा खरा ताण वेगळाच असतो. आजवर वर्गात पहिली येणारी मुलगी आता अशा दीडशे-दोनशे मुलांमध्ये बसते, जी सगळीच आपापल्या शाळेत पहिली आलेली आहेत. मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणि लॅटिन नावं एकदम अंगावर येतात. त्यात वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. वायवाला परीक्षक समोर बसून विचारतात, उत्तर येत नसेल तर आणखी खोदून विचारतात. नीटला न येणारा प्रश्न सोडून पुढे जाता येत होतं, इथं त्याच प्रश्नासमोर घाम पुसत बसावं लागतं. आयुष्यातलं पहिलं नापास होणं अनेकांच्या वाट्याला इथं येतं, आणि ते घरी सांगायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नसतं. पहिलं वर्ष सोडवायला नियमानं चारच संधी मिळतात.

झोपेचा प्रश्नही या वयाचा खास आहे. किशोरवयात मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, रात्री उशिरा पाझरू लागतं. त्यामुळे मुलं आळशी नसूनही उशिरा झोपतात. चौदा ते सतरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. कॉलेज सकाळी लवकर भरतं, जर्नलं पूर्ण करायची असतात, हॉस्टेलवर दिवे विझत नाहीत. दिवसभर शिकलेलं पक्कं होतं ते झोपेतच. म्हणून कमी झोपून जास्त वाचणाऱ्या मुलाचं वाचलेलं टिकत नाही, टिकत नाही म्हणून ते आणखी जागतं, आणि काही महिन्यांत आत्मविश्वास खचतो.

दुसऱ्या वर्षापासून वॉर्डातली पोस्टिंग सुरू होतात. सतराव्या वर्षी आलेली मुलगी आता अठराची आहे. तिला साठ वर्षांच्या माणसाची हिस्टरी घ्यायची असते. लघवी, शौच, दारू, लैंगिक संबंध असं सगळं विचारायचं असतं. रुग्ण तिला ‘सिस्टर’ म्हणतात, कधी ‘बाळा’ म्हणतात, कधी उत्तरच देत नाहीत. सकाळी जिच्याशी बोललो ती बाई दुसऱ्या दिवशी पलंगावर नसते आणि त्यावर बोलायला कुणाला वेळ नसतो. तापलेल्या प्रसंगांची सुरुवात इथं होते. तिसऱ्या वर्षी न्यायवैद्यकशास्त्रात पोस्टमॉर्टेम पाहावं लागतं. शेवटच्या दीड वर्षात मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग हे मोठे विषय येतात. आणि साडेएकविसाव्या वर्षी इंटर्नशिप. लेबर रूम, अपघात विभाग, प्राथमिक आरोग्य केंद्र, रात्रपाळ्या.

या रचनेत एक चांगली गोष्ट आहे. ओझं एकदम पडत नाही, वर्षागणिक चढत जातं, आणि त्याच काळात मेंदूही पक्का होत जातो. रुग्णाच्या जिवाची जबाबदारी हातात येते तेव्हा मूल बाविशीला टेकलेलं असतं. त्यामुळे सतरा आणि अठरा यांतला फरक, फक्त वय म्हणून पाहिला, तर वाटतो तेवढा मोठा नाही. सतरा वर्षांच्या दोन मुलांमध्ये जितकं अंतर सापडतं, त्यापुढे सरासरी सतरा आणि सरासरी अठरा यांतलं अंतर किरकोळ आहे. जपायचा काळ म्हणजे पहिली दीड-दोन वर्षं.

आणि तो खरोखर जपावाच लागतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटानं २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अहवाल दिला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याची तक्रार असल्याचं सांगितलं. ऑनलाइन पाहणीत ज्यांना सांगायचं असतं तेच जास्त उत्तर देतात, हे धरलं तरी हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. यात वय हे एकटं कारण नाही. पण घरापासून पहिल्यांदा दूर गेलेल्या, मदत मागायची सवय नसलेल्या मुलाला या ताणाची झळ लवकर लागते.

चौकट: नियम थोडक्यात

किमान वय: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण. त्या-त्या वर्षीची नीटची माहितीपुस्तिका पाहूनच खात्री करावी.
कमाल वय: २०२२ पासून मर्यादा नाही. नीट कितीदा द्यावी यालाही मर्यादा नाही.
नीटचे गुण: पदवी प्रवेशासाठी त्याच वर्षापुरते ग्राह्य.
कालावधी: साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेशापासून नऊ वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण व्हावा लागतो.
मधेच बाहेर पडल्यास: कोणतीही मधली पदवी नाही.
राज्यातल्या सरकारी कॉलेजात शिकल्यास: एमबीबीएसनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी अठराच्या आतला असेल तर कागदपत्रांवर पालकांची सही लागते.

‘एक वर्ष थांबू’ याचा आपल्याकडे अर्थ काय

इंग्लंडमध्ये अनेक विद्यापीठं मिळालेला प्रवेश एक वर्ष पुढे ढकलू देतात. मूल वर्षभर रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात काम करतं, प्रवास करतं आणि ठरलेल्या जागेवर येऊन बसतं. शिवाय तिथल्या बहुतेक वैद्यकीय शाळा प्रवेशाच्या सुमारास अठरा पूर्ण असावीत असा आग्रह धरतात, कारण विद्यार्थी पहिल्यापासून रुग्णांच्या संपर्कात येतात. अमेरिकेत तर आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, त्यामुळे वैद्यकीय शिक्षण सुरू करणारा तिथला विद्यार्थी सरासरी चोविशीचा असतो.

आपल्याकडे जागा राखून ठेवता येत नाही. नीटचे गुण त्या वर्षापुरते. प्रवेश घेतला नाही तर जागा गेली, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा लाखो मुलांबरोबर परीक्षा. म्हणून ‘मूल जरा मोठं होऊ दे’ या सद्हेतूनं घेतलेलं वर्ष प्रत्यक्षात ड्रॉप होतं. पुन्हा तोच क्लास, तेच प्रश्नसंच, वर ‘गेल्या वर्षी मिळत होतं, सोडलं’ ही टोचणी. या वर्षात मुलाचं डोकं आणखी घासलं जातं. धीर, स्वावलंबन, माणसांशी बोलण्याची सवय यांतलं काहीच त्यात घडत नाही. ज्यासाठी थांबलो, ते सोडून बाकी सगळं होतं. हातात चांगली जागा असताना निव्वळ वयासाठी ती सोडणं मला म्हणूनच चुकीचं वाटतं.

उलट बाजूची घाईही तितकीच निराधार आहे. ‘लवकर लागली तर लवकर सेटल होईल’ हे वाक्य फार ऐकू येतं. हिशेब मांडून पाहू. साडेसतराव्या वर्षी प्रवेश, तेविसाव्या वर्षी एमबीबीएस पूर्ण, चोविसाव्या वर्षी बंधपत्रित सेवा पूर्ण. मग पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीत बहुतेकांचं वर्षभर जातं, त्यानंतर एमडी किंवा एमएसची तीन वर्षं, म्हणजे अठ्ठावीस. सुपरस्पेशालिटीची आणखी तीन वर्षं धरली तर एकतीस-बत्तीस. एवढ्या लांब वाटेवर सुरुवातीचं एक वर्ष इकडेतिकडे झाल्यानं काही बिघडत नाही. काही घरांत मुलींच्या लग्नाचं किंवा शैक्षणिक कर्जाचं गणित यात मिसळलेलं असतं. तेही खरं आहे, पण ते आईवडिलांचं गणित आहे, मुलीच्या तयारीचं नाही, एवढं तरी उघड बोललं जावं. उशिराचं म्हणाल तर, कमाल वयाची अट जाण्याच्या सुमारास, २०२० मध्ये, ओडिशातल्या एका ६४ वर्षांच्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यानं एमबीबीएसला प्रवेश घेतला होता. उशिराचं दार आता कायद्यानंही उघडं आहे.

फार लवकर गेलेल्यांचं काय झालं

वेल्लोरला जन्मलेले बालमुरली अंबाटी अमेरिकेत वाढले, तेराव्या वर्षी पदवीधर झाले आणि १९९५ मध्ये सतराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय शाळेतून डॉक्टर झाले. पुढे ते नेत्रतज्ज्ञ, संशोधक आणि प्राध्यापक झाले. त्यांचं उदाहरण आपल्याकडे कौतुकानं सांगितलं जातं.

मला त्याहून शिकण्यासारखं वाटतं ते शो यानो यांचं उदाहरण. २००३ मध्ये, बाराव्या वर्षी ते शिकागो विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाले. अभ्यासाच्या दृष्टीनं ते तयारच होते. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलानं रुग्ण तपासायचे का, हा प्रश्न होता. त्यांचा अभ्यासक्रम डॉक्टरकी आणि पीएचडी यांचा एकत्रित होता. सुरुवातीच्या वैद्यकीय अभ्यासानंतर ते प्रयोगशाळेतल्या संशोधनाकडे गेले, पीएचडी मिळवली आणि वॉर्डातलं शिक्षण त्यानंतर, वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास घेतलं. २०१२ मध्ये एकविसाव्या वर्षी ते डॉक्टर झाले. शांत डोक्याचं काम आधी आणि तापलेल्या प्रसंगांचं नंतर, असा हा क्रम लागला. आपल्या एमबीबीएसमध्ये असा क्रम बदलता येत नाही, सगळ्यांना एकाच वेळापत्रकानं चालावं लागतं.

हुशार मुलांना पुढच्या इयत्तेत ढकललं तर ती पुढे मनानं खचतात, हा समज मात्र अभ्यासात टिकलेला नाही. अमेरिकेत ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा एक दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यातल्या मुलांचा पस्तीस वर्षं मागोवा घेतल्यावर, लवकर पुढे गेलेली मुलं पन्नाशीत इतरांपेक्षा कमी समाधानी असल्याचं आढळलं नाही. या मुलांना त्यांच्या गतीप्रमाणे पुढे नेलं होतं, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. आपल्याकडे पाचव्या वर्षाच्या आतच पहिलीत बसवलेलं मूल असामान्य असतंच असं नाही, पुष्कळदा ते वर्गातलं सगळ्यात लहान मूल एवढंच असतं. कॅनडा आणि तैवानमधल्या अभ्यासांत दिसलं आहे की वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांना चंचलपणाचा, लक्ष न लागण्याचा विकार असल्याचं निदान जास्त होतं. वयानं येणारा कच्चेपणा आजार समजला जातो. इयत्ता वाढत जातात तसा हा फरक कमी होतो. तरीही ‘मी सगळ्यांत मागे असते’ अशी स्वतःविषयीची समजूत शाळेतच रुजली असेल, तर ती मुलीबरोबर हॉस्टेलवर जाते.

आनंदीबाई आणि रखमाबाई

आपल्या घरातलं उदाहरण घ्यायचं तर दोघींची आठवण होते. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ चा. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, त्या पती सोबत नसताना बोटीनं अमेरिकेला गेल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. पण क्षयानं त्या खंगल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं, वयाची बावीस वर्षं पूर्ण होण्याआधी.

रखमाबाई आनंदीबाईंच्याच वयाच्या, जन्म १८६४ चा. बालपणी लावलेलं लग्न मान्य नाही म्हणून त्यांनी न्यायालयात वर्षानुवर्षं झुंज दिली. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे स्वतः डॉक्टर, त्यामुळे वैद्यकी त्यांनी घरातच जवळून पाहिली होती. १८८९ मध्ये, पंचविशीच्या उंबरठ्यावर, त्या लंडनच्या महिला वैद्यकीय शाळेत गेल्या. परतल्यावर सुरत आणि राजकोट इथं त्यांनी कित्येक वर्षं रुग्णसेवा केली. १९५५ मध्ये, नव्वदीत, त्या गेल्या.

एक लवकर गेली म्हणून हरली आणि दुसरी थांबली म्हणून जिंकली, असा निष्कर्ष यातून काढणं दोघींवरही अन्याय ठरेल. क्षयावर त्या काळी औषध नव्हतं. पण आनंदीबाईंचा अभ्यास कुठेच कमी पडला नाही, हे महत्त्वाचं. त्यांची इच्छा स्वतःच्या दुःखातून आलेली, पक्की होती. कमी पडलं ते सभोवतालचं. कडाक्याची थंडी, अनोळखी अन्न, ऊब न देणारी खोली, घरचं माणूस हजारो मैलांवर. अमेरिकेतल्या त्यांच्या यजमान कार्पेंटर बाईंसारखी माया लावणारी माणसं भेटली तरी रोजच्या जगण्याचा आधार अपुराच राहिला. वयाचा विचार करताना आपण मुलाकडे पाहतो. निम्मं उत्तर त्याच्या भोवताली काय आहे, यात असतं.

मग ठरवायचं कसं

आधी हे तपासा की डॉक्टर व्हायचंय ते कुणाला. सतरा वर्षांच्या मुलीला तुम्ही थेट विचारलंत तर ती तुम्हाला हवं ते उत्तर देईल, कारण गेली दोन वर्षं घरानं त्यासाठी पैसे आणि झोप खर्च केली आहे. तिला प्रत्यक्ष काम पाहू द्या. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत परवानगी घेऊन काही सकाळी बसू द्या. घरातलं कुणी दाखल असेल तर एक-दोन रात्री सोबतीला राहू द्या. एखाद्या नामवंत सर्जनपेक्षा इंटर्नशिप करणाऱ्या मुलामुलींशी बोलणं जास्त उपयोगाचं, कारण चार-पाच वर्षांनी ती त्यांच्याच जागी असणार आहे. हे सगळं बारावीच्या आधीच्या सुट्टीत झालं तर उत्तम.

मग तिचं वागणं आठवा. मार्क कमी पडले तेव्हा तिनं ते सांगितलं होतं की लपवलं होतं? आजारी पडली तर स्वतःहून सांगते का? मैत्रिणींचा आग्रह मोडून ‘नाही’ म्हणता येतं का? स्वतःचे कपडे, जेवण, पैसे, प्रवास सांभाळता येतो का? मदत मागता येणं यातलं सगळ्यात महत्त्वाचं. अबोल मूल चालेल, लाजरं मूल चालेल. संकट लपवणाऱ्या मुलाची मात्र काळजी करा, मग ते सतराचं असो की वीसचं.

इच्छा तिची असेल आणि मदत मागता येत असेल तर सतराव्या वर्षी खुशाल पाठवा. पसंतीक्रम भरताना मात्र कॉलेजच्या नावापेक्षा घरापासूनचं अंतर आणि हॉस्टेलची सोय यांना थोडं जास्त वजन द्या. पहिल्या वर्षी आठवड्याच्या शेवटी घरी येता येणं हा मोठा आधार असतो. इच्छा तिची नसेल तर अठरा झाल्यानंही ती उगवणार नाही, आणि प्रवेशानंतर बाहेर पडायला सोपं दार नाही. अशा वेळी बीएससी, फिजिओथेरपी, नर्सिंग, औषधनिर्माण, कायदा, काहीही, पण तिच्या मनाचं शोधू द्या. आणि इच्छा असूनही मूल खरोखर दमलेलं, घाबरलेलं दिसत असेल, तरच थांबा. थांबलात तर त्या वर्षाचा निम्मा वेळ तरी क्लासबाहेर जाऊ द्या. नोकरी, स्वयंसेवा, प्रवास, माणसं. नीट पुन्हा देता येते.

प्रवेश घेतलात, तर टेकू लगेच काढू नका. पहिली दोन वर्षं ठरलेल्या दिवशी फोन करा. आधी झोप आणि जेवण विचारा, मग परीक्षा. कॉलेजात विद्यार्थ्यांना मेंटॉर म्हणून शिक्षक नेमून दिलेले असतात, त्यांचं नाव माहीत करून घ्या. नापास झालीस तरी घरचं दार उघडं आहे, हे वाक्य प्रवेशाच्या आधी एकदा स्पष्ट शब्दांत बोला. आणि तिच्या मोबाइलमध्ये १४४१६ हा क्रमांक जाऊन बसू द्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा त्यावर मिळते. ती मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि तिथं मराठीतही बोलता येतं.